स्वतः बांधलेल्या मोटारीची तपासणी तरी करा : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : स्वतःच्या वापरासाठी बांधलेल्या एकेका मोटारीची तपासणी व नोंदणी करण्याची स्वतंत्र पद्धत ठरवण्याबाबत

महोदय,

आपल्या राज्यात एखाद्या नागरिकाने स्वतःच्या हाताने मोटार बांधायला घेतली तर त्याला कोणी अडवत नाही, परंतु ती बांधून पूर्ण झाली की पासिंगसाठी कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, याचे उत्तर प्रादेशिक परिवहन कार्यालयात मिळत नाही. मी टूलरूममध्ये नोकरी केलेला माणूस आहे. भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात मी सुट्टीच्या दिवशी दोन आसनांची, उघड्या टपाची आणि मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार बांधतो आहे. या पत्रात मला त्या गाडीसाठी सूट मागायची नाही. अशा प्रत्येक गाडीची कसून तपासणी व्हावी आणि त्या तपासणीत जी उत्तीर्ण होईल तिला क्रमांक मिळावा, एवढेच मागायचे आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. किट कार म्हणजे सुट्या भागांच्या रूपात घेतलेली किंवा आराखड्यावरून बांधलेली गाडी. तिचा सांगाडा स्वतंत्रपणे तयार होतो, आणि इंजिन, गिअरबॉक्स, चाकांचे हब, स्टीअरिंग असे यांत्रिक भाग बहुधा एकाच जुन्या गाडीतून काढून घेतले जातात. अशा गाडीला या छंदातले लोक डोनर म्हणतात. या छंदाची पाळेमुळे इंग्लंडमध्ये आहेत. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही गाडी सुट्या भागांत विकायला काढली, त्यामागे तेव्हाचा खरेदी कर हे मोठे कारण होते, कारण तयार गाडीवर तो कर लागे आणि सुट्या भागांवर लागत नसे. जोडणीची पुस्तिका सोबत दिली तर सवलत जाईल, म्हणून गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका देत आणि गिऱ्हाईक ती शेवटून सुरुवातीकडे वाचत असे, अशी आठवण सांगितली जाते. पुढे १९७३ मध्ये त्या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि ती आजही किटच्या रूपात मिळते. त्याच देशात हिंकली गावची अल्टिमा ही अमेरिकी व्ही-आठ इंजिनावर चालणारी, वेगात नामांकित महागड्या गाड्यांशी बरोबरी करणारी मोटारही किट म्हणून विकली गेली आहे. आपल्याकडे अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्याच घाटाची रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन आसनी गाडी, कॉन्टेसा मोटारीत येणाऱ्या १.८ लिटरच्या इसुझू इंजिनावर बांधली होती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या बुद्धीने घडवून वर्षानुवर्षे तिच्या सुधारित आवृत्त्या काढल्या, ही तर मराठी वाचकांना माहीत असलेली गोष्ट आहे.

आता अडचण कुठे आहे ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीविना गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. नोंदणीसाठी नमुना २० मध्ये अर्ज करावा लागतो व त्याला नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र आणि नमुना २२ मधील निर्मात्याचे रस्तायोग्यता प्रमाणपत्र जोडावे लागते. माझी गाडी मला कोणी विकलेली नाही, त्यामुळे पहिले प्रमाणपत्र कोण देणार हा प्रश्न आहे. दुसरे द्यायचे तर निर्माता मीच ठरतो, आणि निर्मात्याने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ प्रमाणे आपल्या गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेतला पाहिजे. ती सारी व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे. तिच्यात एका नमुन्यावर चाचण्या होतात, काही चाचण्यांत गाडी मोडावीच लागते, आणि मग त्या नमुन्यासारख्या पुढच्या सर्व गाड्यांना मान्यता मिळते. ज्याची पहिली गाडी हीच शेवटची आहे, त्याने भिंतीवर आपटून दाखवायला दुसरी कुठून आणावी?

एका कार्यालयात मला सुचवण्यात आले की डोनर गाडीचे आरसी बुक वापरा आणि ‘बॉडी बदलली’ असे दाखवा. मी तसे केले नाही व करणारही नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात कलम ५२ चा अर्थ स्पष्ट करताना सांगितले आहे की निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार नोंदणीकृत गाडीत करता येणार नाही. त्यामुळे नवी गाडी जुन्या कागदांवर बसवणे हे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय ते धोक्याचेही आहे, कारण तशा गाडीचा सांगाडा, ब्रेक आणि वेल्डिंग कोणत्याच निरीक्षकाने नवी गाडी म्हणून पाहिलेले नसते. सरळ वाट उपलब्ध नसली की माणसे आडवाटेने जातात आणि मग शासनाच्या दप्तरात एक गाडी नोंदलेली असते व रस्त्यावर दुसरीच धावत असते.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच राज्यात घडले आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, एका कारागिराने भंगारातल्या भागांपासून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली आणि २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आनंद महिंद्रा यांनी त्याचे कौतुक करतानाच, ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती थांबवली जाईल असेही लिहिले आणि तिच्या बदल्यात त्याला बोलेरो देऊ केली. उद्योगपतीने दाखवलेला मनाचा मोठेपणा मान्य करूनही मला त्यात एक खंत वाटते, ती ही की त्या गाडीत नेमके काय कमी आहे आणि काय दुरुस्त केले तर ती चालेल, हे सांगण्याची जबाबदारी शासनाच्या कोणत्याच यंत्रणेकडे नव्हती.

हौशी माणसाला सुरक्षित गाडी बांधता येईल का, ही शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर कामाच्या तपशिलातच आहे, म्हणून तो थोडा सविस्तर मांडतो. माझ्या गाडीचा सांगाडा २५ मिलिमीटर चौकोनी, १.६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळ्यांचा आहे. अशा सांगाड्याची ताकद नळीच्या जाडीपेक्षा तिच्या त्रिकोणी मांडणीतून येते, आणि एखादा चौकोन तिरप्या नळीवाचून राहिला तर वळणावर सगळा सांगाडा पिळला जातो. नळ्या सपाट टेबलावर जिगमध्ये, म्हणजे त्यांना जागच्या जागी धरणाऱ्या साच्यात, बांधून आधी सर्वत्र नुसते टाके मारायचे, कर्ण मोजायचे, आणि मग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला असे करत सांधे भरायचे, नाहीतर उष्णतेने चौकट वाकते. त्याच नळीच्या तुकड्यांवर केलेला सांधा शिकंज्यात धरून वाकवून पाहिला, की तो मुळापर्यंत भरला आहे की नुसता वरून चिकटला आहे, हे उघड होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे चांगले भाग मिळतात, पण तिथून आणलेल्या नकलवर, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या धातूच्या भागावर, मी डाय पेनिट्रंटने, म्हणजे तड्यांत शिरून ते दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने, तडे तपासल्याशिवाय विश्वास ठेवत नाही, आणि सीटबेल्टचे बोल्ट तर जुने घेतच नाही. ते सात सोळांश इंची, बारीक आट्यांचे, योग्य ग्रेडचेच हवेत. नागदेवी स्ट्रीटवर ग्रेड न सांगता बोल्ट मागणाऱ्या माणसाकडे दुकानदारही जरा संशयाने पाहतो, आणि ते मला आवडते.

इंजिनाचा प्रश्न इथे इंग्लंडपेक्षा वेगळा आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या आहेत, त्यामुळे सेव्हनसारखे इंजिन पुढे आणि चालना मागे अशी रचना करायची तर जिप्सी, कॉन्टेसा किंवा टवेरासारख्या गाडीचा गिअरबॉक्स शोधत फिरावे लागते. मी त्याऐवजी हॅचबॅकचे इंजिन आणि गिअरबॉक्स अख्खे उचलून आसनांच्या मागे बसवले आहेत. त्यामुळे वजनाचे गणित मात्र उलटते. डोनर गाडीत साठेक टक्के वजन पुढच्या चाकांवर होते, आता तेवढेच मागच्या चाकांवर आहे, म्हणून तिची ब्रेकची मांडणी जशीच्या तशी उचलून चालत नाही. जोराचा ब्रेक लावल्यावर पुढची चाके आधी अडकली पाहिजेत, कारण मागची आधी अडकली की गाडी स्वतःभोवती फिरते. यासाठी पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगवेगळे मास्टर सिलिंडर देऊन त्यांच्यात पेडलचा जोर दोन्हीकडे वाटणारा बॅलन्स बार बसवावा लागतो आणि तो एकदा जुळवला की चालकाला हलवता येणार नाही असा पक्का करावा लागतो. स्टीअरिंगचेही तसेच. चाक वळवणाऱ्या टाय रॉडची लांबी आणि त्याच्या आतल्या सांध्याची जागा विशबोनशी, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यांशी, जुळली नाही, तर चाक वर-खाली होताना आपोआप वळते. मुंबईतल्या एका गतिरोधकावर किंवा पावसाळ्यातल्या खड्ड्यावर ती चूक हाताला जाणवते. स्प्रिंग काढून, चाक जॅकने हळूहळू उचलत डायल गेजने हे मोजता येते. ही सर्व मोजमापे नोंदवहीत, छायाचित्रांसह लिहून ठेवलेली आहेत, आणि आपल्या एखाद्या मोटार वाहन निरीक्षकाला ती तपासायला फार तर एक दिवस लागेल.

‘हाय परफॉर्मन्स’ हा शब्द ऐकला की अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रात्री वरळीला भन्नाट धावणाऱ्या गाड्या येतात, हेही मी जाणतो. या गाडीचा वेग येतो तो तिच्या कमी वजनातून. सुमारे ५५० किलोच्या गाडीला शंभर अश्वशक्तीचे साधे इंजिन दिले तर टनामागे १८० अश्वशक्ती होते, आणि ९०० किलोच्या, ९० अश्वशक्तीच्या हॅचबॅकमध्ये ते प्रमाण टनामागे १०० असते. पण धडकेची ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात असते, म्हणून त्याच वेगाने जाणाऱ्या १,८०० किलोच्या एसयूव्हीच्या तुलनेत या गाडीत ती तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते, आणि हा हिशेब रस्ता ओलांडणाऱ्याच्या बाजूचा आहे. आतल्या माणसाच्या बाबतीत तो उलटा आहे. एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि समोरून ट्रक आला तर हलकी गाडी हरणारच. मोटारसायकलस्वार हा धोका पत्करतो हे कायद्याला मान्य आहे, त्यामुळे गाडी उलटल्यास डोके वाचवणारा रोल बार आणि चार बिंदूंचा सीटबेल्ट सक्तीचा करून, लहान मुलांना नेण्यास मनाई करून, तसाच धोका या गाडीच्या मालकाला जाणीवपूर्वक पत्करू द्यावा. यावर मतभेद होऊ शकतो, आणि आपण त्याहून कडक अट घातली तरी माझी हरकत नाही.

परदेशांत याची उत्तरे शोधली गेली आहेत. ब्रिटनमध्ये १९९८ पासून अशा एकेका गाडीची तपासणी होते आणि २००९ पासून ती ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’ या नावाने चालते. तिथला निरीक्षक ब्रेक, आरसे, दिवे, सीटबेल्टचे आधार, आवाज आणि धूर तर पाहतोच, शिवाय शंभर मिलिमीटर व्यासाचा गोल बाहेरून फिरवून जिथे जिथे तो टेकतो तिथली कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोलावलेली आहे की नाही हेही मोजतो, कारण पादचाऱ्याला ती लागू शकते. पुष्कळ गाड्या पहिल्या खेपेस नापास होतात, मालक त्रुटींचा कागद घेऊन घरी जातो, दुरुस्त करतो आणि पुन्हा येतो. ऑस्ट्रेलियात वैयक्तिकरीत्या बांधलेल्या गाड्यांसाठी वेगळी संहिता आहे व मान्यताप्राप्त अभियंता बांधणीच्या टप्प्यांवर सह्या करतो. न्यूझीलंडमध्ये हे काम हौशी बांधकाम करणाऱ्यांच्या संघटनांमधूनच उभ्या राहिलेल्या एका तांत्रिक मंडळाकडे आहे. मला यातली ऑस्ट्रेलियाची रीत अधिक पटते, कारण रंग दिल्यावर वेल्डिंग दिसत नाही.

आपल्या कायद्यालाही मोजक्या गाड्यांसाठी वेगळा विचार करणे अपरिचित नाही. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले, त्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक दिला, २०,००० रुपये नोंदणी शुल्क ठेवले आणि रोजच्या वापरास बंदी घातली. त्याआधी २०१८ मध्ये परदेशी मानकांवर उतरलेल्या गाड्या, वर्षाला २,५०० पर्यंत, इथल्या नमुना चाचणीशिवाय आयात करण्याची मुभा कंपन्यांना देण्यात आली. जुन्या गाडीचा संग्राहक आणि महागड्या गाडीचा आयातदार यांच्यासाठी जे शक्य झाले, ते इथे बसून स्वतः नळी कापणाऱ्यासाठी अशक्य असण्याचे कारण मला दिसत नाही. अधिनियमाच्या कलम ११० च्या पोटकलम ३ मध्ये वाहनांच्या एखाद्या वर्गाला सूट देण्याचा अधिकार केंद्राला आहे, आणि केंद्राने घातलेल्या अटींच्या अधीन राहून तो राज्यालाही आहे. अंतिम निर्णय दिल्लीत व्हायचा असला तरी प्रस्ताव मुंबईहून जाऊ शकतो, आणि तो महाराष्ट्रातूनच जावा असे मला वाटते. पुण्यात वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे, भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, अहिल्यानगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना आहे. नियम १२६ मध्ये नावे असलेल्या संस्थांपैकी इतक्या दुसऱ्या कोणत्या राज्यात आहेत?

मनुष्यबळाचेही तसेच आहे. पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी विजेवर चालणारी फॉर्म्युला गाडी, म्हणजे एका आसनाची शर्यतीची गाडी, बांधून इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला स्पर्धेत उतरले आहेत, विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन संघ वर्षानुवर्षे अशा गाड्या बांधतो आहे. त्या स्पर्धांत गाडी धावण्यापूर्वी तिची तांत्रिक तपासणी होते आणि ती किती कठोर असते हे कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे. नळीची जाडी किती, चालकाच्या डोक्यामागच्या संरक्षक कमानीला, म्हणजे रोल हूपला, आधार कुठे, ब्रेक लावल्यावर चारही चाके अडकतात का, हे सगळे तिथे पाहिले जाते. परीक्षा झाल्यावर हीच मुले गाडी बांधण्याचे कौशल्य घेऊन संगणक कंपन्यांत जातात, कारण त्या कौशल्याला रस्त्यावर यायला कायदेशीर जागा नाही.

पद्धत कशी असावी याबद्दल माझ्या मनात जे आहे ते मांडतो. बांधणी सुरू करण्यापूर्वी मालकाने आराखड्यासह आपल्या कार्यालयात नोंद करावी. डोनर गाडीची नोंदणी कलम ५५ खाली रद्द करून घ्यावी आणि प्रत्येक मोठ्या भागाची पावती ठेवावी, म्हणजे चोरीच्या गाडीचे इंजिन यात शिरणार नाही. मुंबईत चासी नंबर बदलण्याचे धंदे चालतात, त्यामुळे या बाबतीत आपण जितके कडक राहाल तितके बरे. नुसता सांगाडा तयार झाला की रंगाआधी एक तपासणी व्हावी आणि त्याच वेळी शासनाने दिलेला चासी नंबर त्यावर ठोकला जावा. पूर्ण गाडीची दुसरी तपासणी चाचणी संस्थेत व्हावी. धुराच्या बाबतीत माझे मत असे की बीएस-सहा या धुराच्या मानकात बसणाऱ्या गाडीचे इंजिन तिच्या मूळ ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), वायरिंग, लॅम्डा सेन्सर (धुरातला प्राणवायू मोजणारा) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा) यांच्यासह बसवण्याची सक्ती असावी. जुने कार्ब्युरेटरवाले इंजिन कितीही गोड वाजत असले तरी या शहराच्या हवेत आणखी एकाची भर नको. घरी जोडलेल्या विजेच्या बॅटरीला तर थेट मनाई असावी, मान्यताप्राप्त बॅटरी संच मात्र चालावा. नोंदणीनंतर गाडी पाच वर्षे विकता येऊ नये, म्हणजे छंदाच्या नावाखाली कोणी कारखाना काढणार नाही. शुल्क शासनाने खर्च भरून निघेल इतके घ्यावे. अशा गाड्यांची संख्या पुढची अनेक वर्षे बोटांवर मोजण्याइतकीच राहील, तेव्हा आपल्या निरीक्षकांवर भार पडण्याचा प्रश्न येत नाही.

विम्याचा मुद्दा मात्र सुटलेला नाही. कलम १४६ प्रमाणे त्रयस्थ पक्षाचा विमा बंधनकारक आहे आणि विमा कंपनीला गाडीचे मेक आणि मॉडेल लागते. आपल्या नोंदणीत ‘स्वनिर्मित’ असा वर्ग आला तर कंपन्यांना दर ठरवायला आधार मिळेल, म्हणून या प्रस्तावाच्या चर्चेत त्यांनाही बोलवावे अशी विनंती आहे.

आपण या विषयावर आपले तांत्रिक अधिकारी, पुण्याच्या चाचणी संस्था आणि आमच्यासारखे काही बांधणारे यांची एक बैठक बोलवावी आणि तिच्यातून निघणारा मसुदा केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाकडे पाठवावा. नमुन्यादाखल एखादी गाडी प्रत्यक्ष उलगडून पाहायची असेल तर माझा सांगाडा, त्यावरचे भाग आणि सर्व नोंदवह्या आपण सांगाल त्या ठिकाणी आणून देण्याची माझी तयारी आहे. क्रमांक नसल्यामुळे गाडी अर्थातच टेम्पोवर चढवून आणीन.

कळावे,
आपला विश्वासू,
भांडुप येथील एक मोटारबांधणीकार